समासातला प्रश्न

१९६४ साली मुंबई महापालिकेनं शहराचा विकास आराखडा जाहीर केला आणि रिवाजाप्रमाणे लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या. अशा वेळी लोक काय लिहितात हे नगररचना खात्यातला कुठलाही कारकून सांगेल. आमच्या गल्लीतला रस्ता रुंद करू नका, आमच्या भूखंडावरचं मैदानाचं आरक्षण उठवा, शाळा तिकडे दाखवा. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी जे लिहिलं ते या जातीतलं नव्हतं. पहिले दोघे वास्तुरचनाकार, तिसरे अभियंता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आराखड्यातले रस्ते आणि मैदानं ठीक असतीलही, पण शहर मुळातच एका दक्षिणोत्तर रेषेत वाढतं आहे. कचेऱ्या दक्षिणेच्या टोकाला, घरं उत्तरेला. ही रेषा जितकी लांबवाल तितकी लोकलची गर्दी वाढेल. तेव्हा रेषाच मोडा. शहराला पूर्वेकडे, खाडीपलीकडच्या मुख्य भूमीवर न्या, म्हणजे मधलं पाणी शहराची हद्द न राहता शहराचा मध्य होईल.

मुल्कराज आनंद यांच्या ‘मार्ग’ या नियतकालिकानं जून १९६५च्या अंकात ही कल्पना छापली. १७ मार्च १९७० रोजी ते नवं शहर उभारण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि २०११च्या जनगणनेत एकट्या नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत अकरा लाखांवर माणसं मोजली गेली.

म्हणजे आम्ही नवी मुंबईकर ज्या शहरात राहतो, ते मुळात एका मसुद्यावरचा अभिप्राय आहे! कुणीतरी कच्चा खर्डा वाचायला दिला, वाचणाऱ्यानं समासात एक प्रश्न लिहिला, आणि त्या प्रश्नातून वाशी, नेरूळ, बेलापूर उभं राहिलं.

चांगला संपादक लेखनाचं नेमकं काय करतो, हे समजून घ्यायला मला याहून सोयीचं उदाहरण माहीत नाही. बहुतेकांच्या मनात संपादक म्हणजे लाल शाईवाला माणूस असतो, वेलांट्या पहिल्या-दुसऱ्या करणारा. ते काम आहेच आणि ते हलकं नाही. मराठी साहित्य महामंडळानं केलेल्या लेखनविषयक नियमांपैकी चौदा १९६२ साली मान्य झाले, १९७२ साली त्यांत आणखी चार जोडले गेले. हे अठरा नियम अंगी मुरवलेला मुद्रितशोधक आज शोधूनच काढावा लागतो. खिळे जुळवून छपाई व्हायची त्या काळी छापखान्यात हे काम दोघं मिळून करत. एक जण मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचे, त्याला कॉपी होल्डर म्हणत, आणि दुसरा प्रुफावर नजर ठेवी. ठाण्याच्या अरुण फडके यांनी तर ‘मराठी लेखन-कोश’ रचून आणि खिशात मावेल अशी शुद्धलेखनाची पुस्तिका काढून हयातभर याच एका गोष्टीचा पाठपुरावा केला.

त्याच्या वरची पायरी भाषेची. इथं शब्द बरोबर असतात, पण वाक्य फुगलेलं असतं. आणि सगळ्यांत वरची पायरी रचनेची. तिथं वेलांटीही बरोबर असते, वाक्यही नेटकं असतं, आणि तरीही लिखाण भलत्याच दिशेनं निघालेलं असतं. कोरिया, मेहता, पटेल या तिघांनी हात घातला तो या तिसऱ्या पायरीला.

पुस्तकांच्या जगात याचा गाजलेला दाखला अमेरिकेतला आहे. हार्पर ली नावाच्या तरुण लेखिकेनं १९५७ साली लिपिंकॉट या प्रकाशनसंस्थेला एक कादंबरी दिली. शहरातून आपल्या गावी परतलेली एक मोठी मुलगी, तिचे वडिलांशी उडणारे खटके, आणि अधूनमधून तिच्या बालपणीच्या आठवणी असा तो ऐवज. टे होहॉफ या संपादक बाईंना त्यातल्या आठवणीच जिवंत वाटल्या. गोष्ट त्या लहान मुलीच्या नजरेतून सांगता येईल का, असं त्यांनी विचारलं. पुढची दोन-अडीच वर्षं पुनर्लेखनात गेली आणि १९६० साली ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ बाहेर पडलं. पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. मूळ खर्डाही नंतर, २०१५ साली, ‘गो सेट अ वॉचमन’ या नावानं छापला गेला. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत. गाव तेच, माणसं तीच, लेखिकाही तीच. मध्ये फक्त एक प्रश्न आहे.

आता खरं नवल असं, की हा प्रश्न लेखकाला स्वतःला का पडत नाही? लिहिणारा तर त्या विषयात आकंठ बुडालेला असतो. त्याला आपल्या मजकुराची खडान्‌खडा माहिती असते. आणि नेमकी तिथंच गोम आहे.

एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेनं १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एक गमतीदार प्रयोग केला. काही जणांना सर्वांच्या तोंडी असलेली गाणी निवडायला सांगितली आणि त्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला लावला. समोरच्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना आधी विचारलं होतं, किती गाणी ओळखली जातील? त्यांचा अंदाज होता निम्मी. वाजवली गेली १२० गाणी आणि ओळखली गेली तीन. घरी करून पाहा. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’चा ठेका टेबलावर वाजवा आणि घरातल्या कुणाला तरी आरती ओळखायला सांगा. तुमच्या डोक्यात टाळ, झांजा, शब्द, चाल, गणपतीतली सगळी संध्याकाळ वाजत असते. समोरच्याला फक्त टकटक ऐकू येते. आणि तुम्हाला त्याचा राग येतो, की इतकं सोपं कसं कळत नाही!

लेखक जेव्हा आपला मजकूर पुन्हा वाचतो तेव्हा तो कागदावरचं वाचतच नाही. तो डोक्यातली आरती ऐकत असतो. अर्थशास्त्रज्ञ कॅमेरर, लोवेनस्टाइन आणि वेबर यांनी १९८९ साली या आंधळेपणाला ‘ज्ञानाचा शाप’ असं नाव दिलं. एखादी गोष्ट एकदा माहीत झाली, की ती माहीत नसलेलं मन कसं असतं याची कल्पना करणं जवळपास अशक्य होतं. हुशारीनं हा शाप सुटत नाही. उलट विद्वान जितका मोठा, तितका त्याचा लेख दुर्बोध, हा अनुभव कुठल्याही गौरवग्रंथात मिळेल.

डोळ्यांचीही यात साथ असते. वाचताना आपली नजर ओळीवरून सरळ सरकते असं आपल्याला वाटतं. एमिल जाव्हाल या फ्रेंच नेत्रतज्ज्ञानं १८७०च्या दशकात दाखवून दिलं, की ती उड्या मारत जाते. एक उडी, मग सेकंदाचा साधारण चौथा-पाचवा हिस्सा थांबा, पुन्हा उडी. लहान शब्द तर ती कित्येकदा ओलांडूनच पुढे जाते आणि मधली जागा मेंदू अंदाजानं भरून काढतो. अनोळखी मजकुरात अंदाज चुकतो, म्हणून नजर अडखळते, मागे वळते. स्वतःच्या मजकुरात अंदाज कधीच चुकत नाही. ‘आणि आणि’ असं लागोपाठ दोनदा छापलेलं लेखकाच्या नजरेतून सुटतं आणि शेजाऱ्याला चहा पिता पिता दिसतं, ते यामुळं.

तेव्हा संपादकाची पहिली पात्रता त्याच्या भाषाज्ञानात नसून त्याच्या अज्ञानात आहे. लेखकाला जे माहीत आहे ते त्याला माहीत नसतं. मात्र हे अज्ञान तरबेज असावं लागतं. सामान्य वाचक अडखळला की पान उलटतो. संपादक अडखळला की थांबतो आणि आपण नेमके कुठं अडखळलो ते सांगतो.

कसं, ते एका उताऱ्यावरून दाखवतो. उतारा मीच रचलेला आहे, पण दर हिवाळ्यात असे डझनभर लेख वाचायला मिळतात:

‘नवी मुंबई शहराला निसर्गाचे वरदान लाभलेले असून येथील खाडीकिनारी दरवर्षी मोठ्या संख्येने फ्लेमिंगो पक्ष्यांचे आगमन होत असते. हे गुलाबी पाहुणे पाहण्यासाठी पक्षिप्रेमींची मोठ्या प्रमाणावर गर्दी होताना दिसून येते. निसर्गाचा हा अद्भुत आविष्कार डोळ्यांचे पारणे फेडणारा ठरतो.’

मुद्रितशोधक यातून हात न लावता पुढे जाईल. सगळं शुद्ध आहे. भाषा तपासणारा मात्र थांबेल. ‘आगमन होत असते’ कशाला, ‘येतात’ म्हणा. ‘गर्दी होताना दिसून येते’ कशाला, ‘गर्दी होते’ पुरे. ‘मोठ्या संख्येने’ आणि ‘मोठ्या प्रमाणावर’ हे दोन्ही मोठे कमी करा. पारणं फेडणं तर ताबडतोब काढा, ते उपासाचं आहे आणि गेल्या शंभर वर्षांत फार वेळा फेडून झालं आहे. उरतं ते एवढं: ‘दर हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो येतात आणि ते पाहायला लोक गर्दी करतात.’ तीन वाक्यांचं एक झालं.

आणि आता उघडं पडतं, की आत काहीच नव्हतं. फुगलेल्या भाषेचा हाच उपयोग असतो. ती रिकामी जागा झाकते.

इथून खऱ्या संपादनाला सुरुवात होते. समासात प्रश्न पडतात. येतात कुठून? गुलाबी का? त्या चिखलात एवढ्या मोठ्या पक्ष्याचं पोट भरतं कशावर? शहराच्या इतक्या जवळ, इतक्या घाणीत का येतात? लेखक पक्षिनिरीक्षक असतो, त्याला हे सगळं ठाऊक असतं. ते सांगण्याजोगं आहे हेच त्याच्या ध्यानात आलेलं नसतं. प्रश्न पाहून तो जरा वैतागतो आणि लिहायला बसतो. मग असं काहीसं येतं:

‘फ्लेमिंगोचं पिल्लू राखाडी असतं. गुलाबी रंग त्याला खाण्यातून मिळतो. शेवाळात आणि बारीक कवचधारी जीवांत कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं असतात, ती पिसांत उतरतात, आणि पुरता रंग चढायला काही वर्षं जातात. जेवताना हा पक्षी मान खाली घालून चोच उलटी धरतो. जीभ पंपासारखी मागेपुढे होते, चिखलपाणी आत येतं, चोचीच्या कडेच्या झालरीतून गाळून बाहेर जातं आणि खाणं आत राहतं. त्यांची वीण होते ती कच्छच्या रणासारख्या ओसाड जागी. हिवाळ्यात ते ठाण्याच्या खाडीत उतरतात ते इथल्या शेवाळासाठी. आणि इथं शेवाळ माजण्यात आपल्या शहरांच्या सांडपाण्याचाही हात असावा, असं अभ्यासक मानतात.’

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. ज्या घाणीला आपण नाक मुरडतो, तिच्यात त्या गुलाबी रंगाचा काही वाटा असू शकतो. २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झालेल्या आणि २०२२ साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेल्या या खाडीची ही विचित्र, अस्वस्थ करणारी गोष्ट पहिल्या उताऱ्यातल्या ‘अद्भुत आविष्कार’ या दोन शब्दांखाली दडपली गेली होती. संपादकानं यातला एक शब्दही लिहिला नाही. त्यानं फक्त विचारलं.

स्वतः न लिहिण्याचा हा संयम मराठीत फार जुना आहे. ज्ञानेश्वरी सांगितली गेली १२९० साली. पुढची तीनशे वर्षं ती कीर्तनांतून, पाठांतरातून, नकलांतून फिरली. नकलणारा चुकला की चुकीच्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप चढे, सुटलेलं अक्षर काकपदाची खूण करून ओळीवर लिहिलं जाई. पण काही नकलणारे भाविक असत, काही स्वतः कवीही असत. आपल्याला सुचलेली ओवी ते बिनदिक्कत आत घालत. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ म्हणजे १५८४ साली या प्रती मिळवून, ताडून शुद्ध पाठ तयार केला. त्या वेळी एकनाथ कोण होते हे आठवावं. अकरा वर्षांपूर्वी त्यांचं भागवत पुरं झालेलं होतं. ओवी त्यांच्या हाताचा मळ होती. एखादी ओवी तुटकी वाटली, तर तिच्या जागी तोडीस तोड ओवी त्यांना सहज रचता आली असती, आणि आज ती कुणाला ओळखूही आली नसती. त्यांनी तसं केलं नाही. वर ग्रंथाच्या अखेरीस कडक इशारा दिला, की यात आपली ओवी घालणारा अमृताच्या ताटात करवंटी ठेवतो असं समजावं. संपादनाचा याहून नेमका नियम मी कुठल्याही भाषेत वाचलेला नाही.

पुढचा मुक्काम गिरगावातली खटाववाडी. मौज प्रकाशनाची कचेरी आणि छापखाना तिथं होता आणि तिथून ‘सत्यकथा’ मासिक निघे. १९३३ साली सुरू झालेलं हे मासिक १९८२ साली बंद पडलं. त्याच्या भरात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या दोन संपादकांच्या हाताखालून मराठी कथेच्या काही पिढ्या गेल्या. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर ही नवकथेची नावं सगळ्यांना माहीत आहेत. ‘सत्यकथे’कडून कथा परत येई तेव्हा नुसती साभार परत येत नसे, हे अनेक लेखकांनी लिहून ठेवलं आहे. सोबत पत्र असे. कथा कुठं निसटते, अमुक पात्र असं का वागतं, शेवट आधीच होऊन गेला आहे का. कधी एका कथेवर महिनोन्‌महिने पत्रं चालत. जी. ए. कुलकर्णी धारवाडला, संपादक गिरगावात, आणि मध्ये टपालखातं. जीएंनी या दोघा संपादकांना लिहिलेली पत्रं पुढे पुस्तकरूपानं छापली गेली. आपल्या लिखाणाबद्दल इतक्या सूक्ष्मपणे बोलायला समोर कुणीतरी आहे, याचं सुख त्या पत्रांत ओळीओळीला जाणवतं.

राम पटवर्धनांचा स्वतःचा हातही लिहिता होता. मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या ‘द इयरलिंग’चा त्यांनी केलेला ‘पाडस’ हा अनुवाद मराठी वाचकाला परका वाटत नाही. असा माणूस आयुष्याचा मोठा भाग दुसऱ्यांच्या कथा वाचण्यात घालवतो, हे आजच्या हिशेबात बसणं कठीण आहे. नागपूरहून महेश एलकुंचवार नावाच्या नवख्या लेखकाची ‘सुलतान’ ही एकांकिका १९६७ साली ‘सत्यकथे’त छापून आली, ती दिग्दर्शिका विजया मेहतांच्या वाचनात आली, आणि मराठी रंगभूमीला एक नाटककार मिळाला. निवडणं हेही संपादनच, आणि बहुधा सर्वांत अवघड.

पण याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. १९६९ साली राजा ढाले आणि लघुनियतकालिकांच्या चळवळीतले तरुण लेखक खटाववाडीत जमले आणि त्यांनी ‘सत्यकथे’ची होळी केली. त्यांचा राग पोरकट होता असं मला वाटत नाही. एकाच घराची अभिरुची हीच मराठीची अभिरुची ठरू लागली, की त्या अभिरुचीत न बसणारं जगणं साभार परत जातं, तेही सौजन्यपूर्ण पत्रासह. तीन वर्षांनी, १९७२ साली, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला. त्या कवितेला समासात नम्र प्रश्न विचारत बसणारा संपादक मिळाला असता, तर तिचं काय झालं असतं, हा विचारही नको वाटतो.

अमेरिकेत रेमंड कार्व्हर या कथाकाराच्या बाबतीत तर याचा पुरावाच हाती आहे. गॉर्डन लिश या संपादकानं त्याच्या १९८१ सालच्या कथासंग्रहातला निम्म्याहून अधिक मजकूर कापला, शेवट बदलले, शीर्षकं बदलली. कार्व्हरनं त्याआधी, जुलै १९८० मध्ये, हे थांबव अशी विनवणी करणारं पत्र त्याला लिहिलं होतं. पुस्तक तसंच निघालं आणि गाजलं. मूळ कथा ‘बिगिनर्स’ या नावानं २००९ साली छापल्या गेल्या, तोवर कार्व्हर जाऊन एकवीस वर्षं झाली होती. काही वाचकांना कापलेल्या कथा आवडतात, काहींना न कापलेल्या. माझं मत विचाराल तर लिशनं ताटात करवंटी ठेवली, फक्त ती चांदीची होती.

आणि नवी मुंबईचं काय? त्या सुंदर अभिप्रायातही एक मोठी गफलत होतीच. मसुदा मुंबईचा होता, अभिप्राय देणारे मुंबईचे होते, आणि नवं शहर जिथं लिहायचं ठरलं तो कागद कोरा नव्हता. तिथं ठाणे-रायगडातली ९५ गावं होती, भातशेती होती, मिठागरं होती, आगरी-कोळी माणसं होती. त्यांच्या हरकती आणि सूचना कुणी मनावर घेतल्या नाहीत. त्या शेवटी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर मांडाव्या लागल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यानंतर आली. शिवाय मूळ सूचनाही अर्धीच अमलात आली. सरकारनं स्वतःचा मुक्काम खाडीपलीकडे हलवावा, हा तिचा कणा होता. मंत्रालय जागचं हललं नाही. अर्ध्या सूचना स्वीकारल्या की लिखाणाचं जे होतं, ते रोज सकाळी वाशीहून सीएसएमटीला जाणारी लोकल पाहिली की कळतं.

संपादकाच्या कामाचा आणखी एक विलक्षण गुण म्हणजे ते मागे खूण ठेवत नाही. काम जितकं चांगलं, तितकं कमी दिसतं. टी. एस. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’वर एझरा पाउंडनं किती कात्री चालवली हे जगाला नीट कळलं ते कविता छापल्यावर जवळपास अर्ध्या शतकानं. मूळ टंकलिखित न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात असल्याचं १९६८ साली उघड झालं आणि १९७१ साली ते पाउंडच्या खुणांसह छापलं गेलं. कवितेचा चौथा भाग मुळात नव्वदएक ओळींचा होता. उरल्या दहा. एलियट वैतागून त्या दहाही काढायला निघाला होता, त्या राहू दे म्हणणारा पुन्हा पाउंडच. आज तर तेवढाही पुरावा उरत नाही. संगणकावर ‘बदल स्वीकारा’ म्हटलं, की समासातले सगळे प्रश्न एका क्षणात नाहीसे होतात आणि लेखकालाही महिन्याभरानं वाटू लागतं, की हे आपल्याला सुरुवातीपासून असंच सुचलं होतं.

या नाहीसं होण्याला अपवाद वर्तमानपत्राचा. कुठलंही वर्तमानपत्र घ्या, तळाशी बारीक टायपात मुद्रक, प्रकाशक आणि छापखान्याचा पत्ता सापडेल आणि सोबत संपादकाचं नावही. १८६७चा मुद्रण आणि पुस्तक नोंदणी कायदा आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्तीमुळं वर्तमानपत्राच्या प्रत्येक प्रतीवर हे नाव सक्तीचं झालं. यामागं संपादकाचं कौतुक नव्हतं. मजकूर खटकला तर पकडायचं कुणाला, ही सरकारची सोय होती. त्याच कायद्यानं पुस्तकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं मागितली, संपादकाचं कधीच मागितलं नाही. १ मार्च २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या नव्या कायद्यानं तर पुस्तकांना कक्षेबाहेरच ठेवलं.

परिणाम असा, की मराठी पुस्तकाच्या श्रेयनामावलीच्या पानावर मुखपृष्ठकार असतो, अक्षरजुळणी करणारा असतो, छापखाना असतो, बांधणीवालाही कधी कधी असतो, आणि ज्यानं तो मजकूर तीनदा वाचून चाळीस प्रश्न विचारले तो बहुधा नसतो. लेखकानं मनोगतात आभार मानले तर मानले. नाव नाही म्हणून मान नाही, मान नाही म्हणून मानधन नाही, आणि मानधन नाही म्हणून आता बऱ्याच ठिकाणी संपादकच नाही. लेखकानं पाठवलेली फाइल जशीच्या तशी छापखान्यात जाते आणि पहिल्यांदा अडखळतो तो पैसे मोजून पुस्तक घेतलेला वाचक.

यावर कायदा नको. प्रकाशकांनी एवढंच करावं: पुढच्या पुस्तकापासून श्रेयनामावलीत ‘संपादन’ अशी एक ओळ वाढवावी आणि तिच्यापुढे खऱ्या माणसाचं नाव छापावं. ते नाव लिहिता येत नसेल, तर पुस्तक अजून छपाईला गेलेलं नसावं. आणि लिहिणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की दिवाळी अंकाला लेख पाठवण्याआधी तो तुमच्या विषयातलं काहीही ठाऊक नसलेल्या एका माणसाला वाचायला द्या. त्याला ‘कसा वाटला?’ असं विचारू नका, तो ‘छान’ म्हणेल. ‘कुठं थांबलास?’ असं विचारा.